पदर लागला की

आत्याची नागीण महिन्याभरात बरी झाली. खपल्या पडल्या, डाव्या बरगड्यांवर फिकट डागांचा एक पट्टा उरला आणि गेरूचा लेप सुचवणाऱ्या शेजारणीने सगळं श्रेय घेऊन टाकलं. नागिणीचं तोंड आणि शेपूट भिडलं की माणूस वाचत नाही, ही घरातली धास्तीही संपली. (सहसा ती भिडतच नाहीत. कांजिण्यांचा विषाणू पाठीच्या कण्यालगत, मज्जातंतूंच्या गाठींत वर्षानुवर्षं दडून बसतो. वय झालं, प्रतिकारशक्ती उतरली की एखाद्या तंतूच्या वाटेनं तो कातडीवर येतो. तो तंतू शरीराच्या एकाच बाजूचा; छातीच्या मध्याशी त्याची हद्द संपते.) फोड गेले. दुखणं गेलं नाही.

ते दुखणंही चमत्कारिक. बोलता बोलता आत्या दोन बोटांनी पदर बरगडीपासून लांब धरायची. पंख्याचा वारा लागला तरी अंग चोरायची. ब्लाउजची शिवण टोचते म्हणून घरात ब्लाउज उलटा घालायची. आणि कळ आली की तीच जागा तळहातानं घट्ट दाबून धरायची. इथेच घराला संशय आला. दाबलं तर चालतं आणि वॉयलचा पदर लागला तर दुखतं? एक्स-रे स्वच्छ, रक्त-लघवीचे रिपोर्ट नॉर्मल. ‘लक्ष दुसरीकडे लाव,’ असं काका म्हणाले. त्या वाक्यात प्रेम होतं, विश्वास नव्हता.

दुखण्याबद्दलची आपली समजूत अजून देकार्तची आहे. सतराव्या शतकात त्यानं सांगितलं की पायाला विस्तव लागला की दोरी ओढली जाते आणि वर मेंदूत घंटा वाजते. म्हणजे जखम तेवढी घंटा. जखम नाही तर घंटा नाही. या चित्राला मोठा तडा गेला तो १९६५ साली. रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी मांडलं की मज्जारज्जूत एक दार असतं. वेदनेचा निरोप तिथे अडतो, मंदावतो किंवा पुढे जातो, आणि ते दार किती उघडायचं यात मेंदूचाही हात असतो. कोपर आपटलं की आपण ते चोळतो, कारण स्पर्शाचे जाड तंतू ते दार थोडं लोटून घेतात.

आत्याच्या बाबतीत बिघडलं होतं ते हेच. विषाणूनं जखमी केलेले तंतू कुणी न छेडता आपणहून ठिणग्या टाकत राहतात. हा मारा सतत सुरू राहिला की मज्जारज्जूतल्या पेशीही बदलतात. १९८३ साली क्लिफर्ड वूल्फ यांनी उंदरांवरच्या प्रयोगात हे दाखवलं: इजेनंतर मज्जारज्जू स्वतःच हळवा होतो, त्याला थोडकंही पुष्कळ वाटू लागतं. एकदा चोरी झालेल्या घरात उंदराची खुडबुडही माणसाला उठवून बसवते, तसं. आवर घालणाऱ्या पेशी दुबळ्या पडतात. मग हलक्या स्पर्शाचा निरोप, जो एरवी निव्वळ स्पर्श म्हणूनच पोचला असता, तो वेदनेच्या रस्त्याला लागतो. म्हणून पदर जाळतो. आणि घट्ट ठेवलेला, न सरकणारा तळहात काहींना सोसवतो, हेही डॉक्टरांच्या ओळखीचं आहे. ज्या विसंगतीवरून घरानं तिला खोटं ठरवलं, तीच तिच्या खरेपणाची खूण होती.

मेंदू तर नुसता घंटा ऐकणारा नाहीच. वेदनेसाठी त्याच्यात एक ठरावीक खोली नाही. कुठे दुखतंय हे एका भागात उमटतं, किती नकोसं आहे हे दुसऱ्या भागात, आता पुढे काय ही भीती तिसरीकडे. तिथून खाली मज्जारज्जूकडे उलटे हुकूमही सुटतात: कधी ‘आवर’, कधी ‘वाढव’. झोप उडाली, काळजी लागली, कुणी विश्वास ठेवला नाही, की ‘वाढव’चं पारडं जड होतं. आत्याच्या रात्री वाईट जायच्या, त्या अशा. दुखण्यानं झोप नाही आणि झोप नाही म्हणून दुखणं जास्त.

पुढे एका पेन क्लिनिकमधून अमिट्रिप्टिलीनची लहानशी गोळी मिळाली, रात्री घ्यायची. भावानं मोबाइलवर नाव शोधलं आणि बोलून गेला, ‘ही तर डिप्रेशनवरची!’ आत्या दोन दिवस कुणाशी बोलली नाही. तिला वाटलं, अखेर डॉक्टरांनीही वेड्यात काढलं. खरं म्हणजे त्या गोळीनं मेंदूकडून खाली येणारा ‘आवर’ बळकट होतो, आणि तेही डिप्रेशनच्या मानानं फार कमी डोसात. अशा दुखण्यावर दिलं जाणारं गॅबापेंटिनही मूळचं फिट्सचं औषध. ते घेतलं म्हणून कुणाला अपस्मार आहे असं होत नाही. एवढं समजावून सांगायला पाच मिनिटं पुरली असती. ती कुणी दिली नाहीत, याचा मला औषधापेक्षा जास्त राग आहे.

दुखणं पूर्ण गेलं नाही, उतरलं. आता ती पदर सोडून बोलते, क्वचित धरते.

वेदनेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं २०२० साली वेदनेची व्याख्या सुधारली, तेव्हा सोबतच्या टिपांत नोंदवलं की माणूस दुखतंय म्हणून सांगतो त्याचा मान राखला पाहिजे. एवढं लिहायला विज्ञानाला इतकी वर्षं लागली, तर काकांना काय बोलणार!

तेव्हा अंगाच्या एकाच बाजूला आग होणाऱ्या फोडांचा पट्टा दिसला, तर गेरूच्या भरवशावर बसू नका. ७२ तासांच्या आत डॉक्टरांकडे जा. पन्नाशी उलटली असेल तर नागिणीच्या लशीबद्दलही विचारा, दोन डोसांची ती लस आता आपल्याकडे मिळते. आणि घरात कुणी दुखतंय म्हणत असेल, तर रिपोर्ट नंतर बघा. आधी विचारा, रात्री झोप लागते का.