तोंडीत अडवलेला शब्द

जीएनएमच्या तोंडी परीक्षेतला तो प्रकार आठवला की अजूनही डोकं तडकतं.

शाळा मराठी, नर्सिंग इंग्रजीत. आमच्यातल्या बहुतेकींचं तसंच. बाहेरून आलेल्या परीक्षक बाईंना मी पेशंटचं सगळं सांगितलं होतं. डोळे पिवळे, अंगाला खाज, लघवी गडद, शौच पांढरट. पित्ताशयातला खडा सरकून मुख्य पित्तनलिकेत अडकलाय, हेही सांगितलं. मग निदानाचं नाव आलं. स्पेलिंग दिसतं तसं मी 'चोलेडोचो...' म्हणाले आणि बाईंनी पेन खाली ठेवलं. "परत म्हण." म्हटलं. "परत." शेजारच्या टेबलावरच्या सरांना बोलावून त्यांनाही ऐकवायला लावलं. बरोबर काय ते मात्र शेवटपर्यंत सांगितलं नाही. खाजेसाठी काय केलंस, पेशंटच्या दुखण्याची नोंद कशी ठेवलीस, यातलं एक अक्षर विचारलं नाही. परीक्षा नर्सची होती ना? आणि वॉर्डात हा शब्द म्हणतं कोण? सर्जनसुद्धा 'सीबीडी स्टोन'च म्हणतात.

पुढे एका सीनियर सिस्टरनी सलाईनच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर लिहून दिलं: को-ले-डो-को-लि-थाय-अ-सिस. जोर 'थाय'वर. ग्रीकमधून आलेल्या अशा शब्दांत सीएचचा उच्चार 'क', एवढं कुणी आधी सांगितलं असतं तर कोलेसिस्टेक्टमी, कोलँजायटिस सगळेच सुटले असते. खाली त्यांनी अर्थाची फोड केली, शाळेतल्या समासविग्रहासारखी: कोले म्हणजे पित्त, डोको म्हणजे धरून ठेवणारं, लिथ म्हणजे खडा, आयसिस म्हणजे विकार. बोलताना मात्र शब्द अर्थाच्या जोडावर तुटत नाही. 'लिथ'मधला 'थ' पुढच्या तुकड्यात जातो. म्हणून दोन्ही फोडी एकाखाली एक लिहाव्यात, देवनागरीत, न लाजता.

आता हँडओव्हर देताना एखादी 'डोको' गाळून कोलेलिथायसिस म्हणाली तर मी तिथेच थांबवते. तो खडा पित्ताशयातला, हा नलिकेतला. ईआरसीपी करून काढतात तो हा. उच्चाराचा आग्रह धरला यात बाईंचं काही चुकलं, असं मला आता म्हणवत नाही. चारचौघांत उभं करून छळलं, ते चुकलंच.

इलियमचं तर आणखी वेगळं. लहान आतड्याचा शेवटचा भागही इलियम आणि कमरेचं हाडही इलियम. स्पेलिंगमध्ये एका अक्षराचा फरक, कानाला काहीच नाही. तिथे मी मुलींना सरळ विचारून घ्यायला सांगते, आतड्याचं की हाडाचं.