उभ्या गाडीलाही वैरण लागते

आज राजकारण नाही, पाण्याची टाकी नाही, खड्डे पण नाहीत. आज मोटारसायकलच्या बॅटरीवर लिहितोय. हसू नका. विषय वाटतो तेवढा बारका नाही, आणि शेवटी एका अर्जावर सह्या मागणार आहे, तेव्हा वाचाच.

कुर्डुवाडी स्टेशनच्या पार्किंगला एक चक्कर मारा. सीटवर बोटाने नाव लिहिता येईल एवढी धूळ बसलेल्या गाड्या दिसतील. मालक पुण्यात. कुणी चाकणला कंपनीत, कुणी हिंजवडीत, कुणी हडपसरला चौघांत एक खोली करून. शनिवारी हुतात्मानं नाहीतर इंद्रायणीनं यायचं, गाडी काढायची आणि लऊळ, कुर्डू, भोसरे जिकडं घर असेल तिकडं जायचं. कुणाचं दर आठवड्याला जमतं, कुणाचं महिन्यानं, कुणाचं थेट दिवाळीला. जंक्शनचं गाव म्हटल्यावर हे आलंच. १८९७ साली बार्शी लाईट रेल्वे सुरू झाली तेव्हा आपल्या स्टेशनला बार्शी रोड म्हणायचे. तेव्हापासून इथं माणसं वाहन सोडून रेल्वेत बसतायत. फरक एवढाच, की तेव्हा बैलगाडी होती आणि बैलाला कुणीतरी वैरण टाकायचं. गाडीला वैरण टाकायची असते हे आपल्याला कुणी सांगितलंच नाही.

पूर्वी चालून जायचं. बॅटरी बसली तरी किक होती. दोन किक जास्त मारायच्या, चोक ओढायचा, गाडी चालू. आता बघा. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींना हेडलाईट बंद करायचं बटनच नाही, इंजिन चालू तोवर दिवा चालू. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं, कार्ब्युरेटर गेला आणि फ्युएल इंजेक्शन आलं. म्हणजे पेट्रोलचा पंप विजेवर, इंजिनाचा कॉम्प्युटर विजेवर. मोठ्या गाड्यांची किक तर निघूनच गेली. ज्या बुलेटची किक मारता येणं ही एकेकाळी मर्दुमकी होती, ती नवी बुलेटसुद्धा फक्त बटनावर चालते. बॅटरी पार उतरली की यातल्या बऱ्याच गाड्या धक्का मारूनही चालू होत नाहीत, कारण चाक फिरलं तरी पंपाला वीजच नसते. चार पोरं घामाघूम होतात, गाडी ढिम्म. प्रदूषण कमी झालं हे चांगलंच झालं, माझी त्याला हरकत नाही. पण किक काढताना वस्तीवरच्या माणसाचा विचार कुणी केला असेल असं मला वाटत नाही.

का, ते सांगतो. मागच्या थंडीत आमच्या ओळखीच्या एका वस्तीवर रात्री दोनला एका मावशींच्या छातीत कळ आली. घरात त्या आणि मालक, दोघंच. पोरगा पुण्यात, त्याची दीडशे सीसीची गाडी पडवीत ताडपत्रीखाली. चावी फिरवली, बटन दाबलं, टक-टक-टक. काटे जागेवर हलले आणि विझले. मालक चालत शेजारच्या वस्तीवर गेले. तिथला माणूस दारं धरायला रानात गेलेला, कारण त्या आठवड्यात मोटरीची लाईट रात्रीची होती. त्याला हुडकून, ट्रॅक्टर काढून गावात यायला पाऊण तास जास्त गेला. मावशी वाचल्या, आता बऱ्या आहेत. दुसऱ्या दिवशी गॅरेजवाल्यानं बॅटरी बघितली आणि म्हणाला, "संपली, नवी टाका." अवघ्या सव्वा वर्षाची होती. पोरगा फोनवर म्हणत होता, "गाडी तर वापरलीच नाही, संपली कशी?"

न वापरल्यामुळंच संपली. आपल्याला वाटतं वस्तू झिजते ती वापरून. शिसं-ॲसिडच्या बॅटरीचं उलटं आहे. गास्तों प्लांते नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञानं १८५९ साली ही बॅटरी बनवली, आणि आज आपल्या गाडीत आहे ती मुळात तीच. नुसती ठेवली तरी ती हळूहळू आपोआप उतरते. उतरलेल्या अवस्थेत पडून राहिली की प्लेटांवर सल्फेटचा थर कडक होत जातो आणि मग ती कितीही चार्ज केली तरी पहिल्यासारखी धरत नाही. उन्हात हे सगळं भराभर होतं. तापमान दहा अंशांनी वाढलं की आपोआप उतरण्याचा वेग साधारण दुप्पट होतो. आपल्याकडचा एप्रिल-मे आणि पत्र्याचं शेड, काय ते समजा.

त्यात गाडी बंद असली तरी काही ना काही वीज पीत असते. घड्याळ, अलार्म, आणि आता चोरीच्या भीतीनं लोक जीपीएस बसवतात ते. समजा हे सगळं मिळून फक्त १० मिलीअँपिअर खातंय. दिवसाला ०.२४ अँपिअर-अवर झाले. चारची बॅटरी असेल तर सोळा-सतरा दिवसांत रिकामी. तुम्ही आषाढीला आळंदीहून चालत पंढरपूरला निघालात, तर माउली पोचायच्या आधी बॅटरी पोचलेली असते.

घरोघरी यावर एक उपाय चालतो. पोरगा सांगून जातो, "अण्णा, आठवड्यातून एकदा गाडी चालू करत जावा." अण्णा बिचारे इमानदारीत रविवारी आंघोळ झाली की गाडी चालू करतात, दोन मिनिटं घुर्रर्र करतात आणि बंद करतात. यानं फायदा नाही, झाला तर तोटाच. सेल मारायला एकदम मोठा करंट जातो. नुसत्या रेसवर चार्जिंग जेमतेम होतं, आणि त्यातलंही हेडलाईट खाते. चालू करायचीच असेल तर टेंभुर्णीपर्यंत जाऊन या, वीस-पंचवीस मिनिटं गाडी पळू द्या. अण्णांचं वय आणि त्या रस्त्यावरच्या उसाच्या ट्रॉल्या बघता मी ते सुचवणार नाही.

आमच्या शेजारी एक काका आहेत, रेल्वेच्या इलेक्ट्रिकल खात्यातून रिटायर झालेले. ही बॅटरीची गोष्ट त्यांच्या ओट्यावर निघाली तेव्हा ते म्हणाले, "अरे, आम्ही आयुष्यभर दुसरं काय केलं?" जुन्या पद्धतीच्या डब्याखाली ११० व्होल्टचा बॅटरीचा संच असतो. गाडी पळते तेव्हा चाकाच्या धुरीवरून अल्टरनेटर फिरतो आणि संच चार्ज होतो. पण डबा यार्डात उभा राहिला की काय? तिथं चार्जिंगचे पॉईंट असतात, उभ्या डब्याला वायर लावतात. काका म्हणाले, "एवढ्या मोठ्या रेल्वेला कळतं की उभ्या डब्याला करंट द्यावा लागतो. तुमच्या दीड किलोच्या बॅटरीला नको व्हय?"

तर ते वायर लावणं म्हणजे मेंटेनन्स चार्जर. दुकानात ट्रिकल चार्जर म्हणा, ऑटो-कट म्हणा, स्मार्ट म्हणा, कळतं. तळहाताएवढा डबा, दोन चिमटे. साध्या चार्जरमध्ये आणि याच्यात फरक आहे तो पुढच्या टप्प्यात. हा आधी बॅटरी भरतो, १४.४ व्होल्टच्या आसपास नेतो, आणि भरली की मागं सरकून १३.२ ते १३.६ वर नुसता हात लावून थांबतो. जेवढं आपोआप गळतं तेवढंच घालतो. महिनाभर लावून ठेवला तरी बॅटरी उकळत नाही. बिलाचं म्हणाल तर तीन वॅट धरले तर महिन्याला दोन-सव्वादोन युनिट.

साधा चार्जर मात्र थांबत नाही. आमच्याच भागात एकानं ट्रॅक्टरच्या बॅटरीचा चार्जर रात्रभर मोटारसायकलला लावला. सकाळी बॅटरी पोटाला फुगलेली. मोटारसायकलच्या बॅटरीला तिच्या आकड्याचा दहावा हिस्सा करंट बरा. चारची असेल तर अर्ध्या अँपिअरच्या आतबाहेर, बुलेटची आठची असेल तर पाऊण-एक. शंभरच्या बॅटरीचा दहा अँपिअरचा चार्जर तिला लावणं म्हणजे वासराला ट्रॉलीला जुंपणं.

आता मुद्द्याचं. इंटरनेटवर या चार्जरविषयी भरपूर व्हिडिओ आहेत, पण ते ज्या देशातले आहेत तिथं लाईट जात नाही. आपली जाते. काही चार्जर असे असतात की लाईट गेली आणि आली की ते नुसते स्टँडबायला थांबतात, परत बटन दाबावं लागतं. पोरगा पुण्याहून लावून गेला, सोमवारी दुपारी लाईट गेली, आणि पुढचा महिनाभर चार्जरचा हिरवा-लाल दिवा बघून आई समाधानात की चार्जिंग चालू आहे. म्हणून दुकानातच लावून बघा. पिन काढा, परत घाला, आपोआप सुरू होतो का बघा. नाही झाला तर तो आपल्या कामाचा नाही, कितीही भारी कंपनीचा असो.

दुसरं, व्होल्टेज. वस्तीवर संध्याकाळी बल्ब पिवळा पडतो हे आपल्याला नवीन नाही. चार्जरवर इनपुट १००-२४० लिहिलेलं असलं तर तो तेवढ्यावर चालतो. जास्त व्होल्टेजचं मात्र काही खरं नाही. डीपीवर न्यूट्रल तुटला की घरातला टीव्ही, फ्रिज आणि हा चार्जर एका ओळीत जातात. निदान एमसीबी नीट असलेल्या बोर्डावर लावा.

तिसरं, ऊन. पत्र्याखाली पंचेचाळीस अंशात सतत चार्जरवर ठेवली तर बंद बॅटरी आतून सुकते. चांगला चार्जर तापमान बघून व्होल्टेज उतरवतो, स्वस्तातला नाही उतरवत. माझं मत, उन्हाळ्यात आठवड्यातून एक रात्र लावा, पुरे. आणि चार्जिंगला लावताना बॅटरीतून थोडा का होईना हायड्रोजन निघू शकतो, म्हणून बंद खोलीत नको, गॅसजवळ नको, देवघरातल्या समईजवळ तर नकोच. आधी चिमटे, मग बटन. काढताना आधी बटन बंद, मग चिमटे.

आणि एक. पार मेलेल्या बॅटरीला बरेच स्मार्ट चार्जर ओळखतच नाहीत, दिवासुद्धा लागत नाही. म्हणजे हे औषध आजार व्हायच्या आधीचं आहे. साधा मीटर जवळ ठेवा. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी १२.६-१२.७ दिसलं तर झकास, १२.४ ला चार्जर लावा, १२ च्या खाली गेली तर वाट बघू नका.

किंमत साधारण एका नव्या बॅटरीएवढी पडते, चांगल्या कंपनीचा घेतला तर जास्त. एक बॅटरी वेळेआधी जायची वाचली की वसूल. पण माझा हिशेब फक्त पैशाचा नाही. मेलेली बॅटरी जाते कुठं? भंगारात. मी डोळ्यांनी बघितलंय, ॲसिड गटारीत ओततात आणि शिसं वेगळं काढतात, शेजारी पोरं खेळत असतात. २०२० साली युनिसेफनं एक अहवाल काढला होता, जगातल्या तीनातल्या एका मुलाच्या, म्हणजे ८० कोटी मुलांच्या रक्तात काळजी करावी एवढं शिसं आहे, आणि उघड्यावर फोडल्या जाणाऱ्या बॅटऱ्या हे त्याचं एक मोठं कारण. जागतिक आरोग्य संघटना म्हणते की शिशाची सुरक्षित अशी पातळीच नाही. जुनी बॅटरी दुकानदारानं परत घ्यावी हा नियम २००१ पासून आहे, २०२२ च्या नव्या नियमांनी ती गोळा करायची जबाबदारी बनवणाऱ्या कंपन्यांवर टाकली. तेव्हा नवी घेताना जुनी दुकानात द्या आणि तिचे पैसे बिलात वजा करून मागा. भंगारवाला पन्नास रुपये जास्त देतो, ते का देतो याचा विचार करा.

घरी गाडी असणाऱ्यांचं झालं. स्टेशनवर ठेवणाऱ्यांना प्लगच नाही, ते चार्जर कुठं खोचणार? त्यांनी तोवर एवढं करावं, आठवड्यापेक्षा जास्त जायचं असेल तर बॅटरीची मायनसची वायर सोडून ठेवावी. एक पाना, दोन मिनिटांचं काम. घड्याळ परत लावावं लागेल, पण जीपीएस आणि अलार्मचं पिणं थांबतं. अर्थात अलार्मही बंद होतो, तेव्हा हँडल लॉक आणि साखळी विसरू नका.

आणि हा अर्ज. सोलापूरच्या मंडल रेल्वे कार्यालयाला द्यायचा आहे. मागण्या दोनच. स्टेशनच्या पार्किंगला पुरेसं छत, आणि महिन्याच्या पासवाल्यांसाठी दहा-वीस मीटर लावलेले चार्जिंग पॉईंट, पैसे घेऊन. आता इलेक्ट्रिक स्कूटरवाले पण तिथं गाड्या लावू लागलेत, त्यांना प्लग लागणारच आहे. त्याच प्लगवर आपले छोटे चार्जर चालतील, वेगळं काही उभारायला नको. शेतीला दिवसा लाईटची मागणी यात घातलेली नाही, ती महावितरणकडची वेगळी लढाई आहे आणि तिचा अर्ज वेगळा निघेल.

रविवारी सकाळी नऊ ते अकरा स्टेशनबाहेर रिक्षा थांब्यापाशी कागद घेऊन बसतोय. पुण्याहून शनिवारी येणारांनी परत जायच्या आधी सही करून जा. मीटर पण आणतो, कुणाला बॅटरी तपासायची असेल तर गाडी घेऊनच या, येताना चालू झाली तर.