पट्ट्यावरची फळी

सोलापुरात विजापूर रोडवरच्या एका मित्राच्या घरी भिंतीवर टांगलेली फळी पाहिली आणि चाललेलं बोलणं तिथेच थांबलं. खाली ब्रॅकेट नाही, टेकू नाही. सागवानाची फळी आणि दोन्ही बाजूंना चामड्याचा एकेक पट्टा. पट्टा फळीखालून वळसा घेऊन वर जातो, त्याची दोन्ही टोकं एकावर एक येतात आणि त्यांतून एकच स्क्रू भिंतीत. मागचा पदर भिंतीला टेकलेला, पुढचा तिरका, ताठ. पुस्तकांचं वजन कुठून कुठे जातंय हे नुसत्या डोळ्यांना दिसत होतं. ब्रॅकेट हे सगळं लपवतं, म्हणून मला ते कधीच आवडलं नाही.

चामडं म्हटलं की आधी चपला आठवतात. कोल्हापुरी चपलेच्या भौगोलिक मानांकनात कोल्हापूर, सांगली, साताऱ्याच्या जोडीला आमचा सोलापूर जिल्हाही आहेच. मला मात्र माग आठवतो.

लहानपण सोलापूरच्या पूर्व भागात गेलं. यंत्रमागाचा आवाज तिथे इतका अखंड असायचा की तो थांबला की माणसं दारात यायची, वीज गेली का बघायला. त्या आवाजात चामड्याचा वाटा मोठा. धोटा ताण्यातून या टोकाचा त्या टोकाला जातो तो एका दणक्याने, आणि तो दणका देणारा पिकर म्हशीच्या कच्च्या कातड्याचा असायचा. मार खायचा, किंचित दबायचा, पुन्हा उभा राहायचा. मिनिटाला शंभरावर दणके, पाळीमागून पाळी. आमच्या बोळातल्या कारखान्यात माग दुरुस्त करणारा जॉबर झिजलेले पिकर आम्हा पोरांना द्यायचा. धोट्याच्या टोकाने त्यात खोल, गुळगुळीत खळगा पाडलेला असे. अंगठा त्यात नेमका बसायचा आणि तेलाचा वास संध्याकाळपर्यंत हाताला राहायचा. नवा पिकर बसवण्याआधी जॉबर त्याला नखाने टिचकी मारायचा, कानाशी धरायचा, एखादा बाजूला ठेवून द्यायचा. का, म्हणून विचारलं तर म्हणायचा, “हे अजून वाळलं नाय रे बाळा.” इतक्या कलकलाटात त्याला ती टिचकी ऐकू यायची! पुढे प्लास्टिकचे पिकर आले. त्यांना कोणी टिचकी मारताना मी पाहिलं नाही.

यंत्रमागांच्या आधी गिरण्या होत्या. १८७७ची ‘जुनी मिल’, मग नरसिंग गिरजी, लक्ष्मी-विष्णू. त्या काळच्या गिरण्यांत छताखाली एक लांब दांडा फिरत असे आणि त्यावरून यंत्रायंत्रापर्यंत चामडी पट्टे उतरलेले असत. पट्टा तुटला की वादीने पुन्हा सांधायचा. कापडाचं गाव म्हणून सोलापूरचं नाव झालं. ते कापड पुढे ढकलणाऱ्या चामड्याचं नाव कुणी घेतलं नाही, याचं मला वाईट वाटतं.

अशी फळी कुणीही करू शकतं. पट्टा चपलेच्या कारागिराकडून रापीने कापून घ्यावा, त्याचा हात फुटपट्टीशिवाय सरळ जातो. भोक गोलच पाडावं. नुसती चीर दिली तर ती वजनाने पुढे फाटत जाते. फळी बसवण्याआधी पट्टे वजन लावून काही दिवस टांगून ठेवावेत, म्हणजे जे काय ताणायचं ते आधीच ताणून होतं. सोलापूरचा उन्हाळा चामड्याला सोसत नाही, म्हणून होळीच्या सुमाराला एरंडेलाचा हात फिरवावा, अगदी थोडा. भिंत जुन्या माळवदाच्या घराची, मातीची असेल तर हा नाद सोडून द्यावा. तिथे कोनाडे आहेत, आणि कोनाड्यासारखी देखणी मांडणी दुसरी नाही.

आणि पट्टा विकत घेताना वरचा रंग बघू नका, कापलेली कड बघा. बाभळीच्या सालीत, हिरड्यात कमावलेलं चामडं आतपर्यंत तपकिरी असतं. कडेला मधोमध निळसर-राखाडी रेघ दिसली तर ते क्रोममध्ये कमावलेलं आहे. पट्ट्यासाठी ते घेऊ नका.