माझ्या वाटणीची घळ

आमच्या घराण्यात जमीन मोजण्याची हौस पिढीजात आहे. जमीन कसण्याची तितकीशी नाही.

पुरंदर तालुक्यात डोंगराच्या उतारावर आमची चार एकर जमीन आहे. निम्मी माझी, निम्मी चुलतभावाची, म्हणजे दादांची. मधला बांध दादांनी दीड फूट माझ्याकडे सरकवला, असं माझं म्हणणं. पुण्यात पंख्याखाली बसणाऱ्याला बांध कुठे होता ते काय ठाऊक, असं त्यांचं. १९९६ साली दावा लागला. बांध दोनशे फूट लांब. म्हणजे भांडण ३०० चौरस फुटांचं, पाव गुंठ्याहून थोडं जास्त. तेवढ्यासाठी दोन मोजण्या झाल्या, तीन वकील झाले आणि आमचं बोलणं बंद झालं. वकिलांना दिलेल्या पैशांत तेवढी जमीन चार वेळा आली असती, असं आमची ही म्हणते. हिचा हिशेब पक्का आहे. पण तत्त्व म्हणून काही असतं की नाही?

मध्यंतरी बांधाच्या वरच्या टोकाची ताल फुटली. डोंगराचं पाणी बांधाच्या कडेने धावू लागलं. दादांनी ताल बांधली नाही, कारण जागा वादातली. मीही बांधली नाही, कारण वकिलांचा सल्ला!

दादांचा धाकटा राहुरीच्या कृषी विद्यापीठात मातीचा अभ्यास करतो. २०२४च्या दिवाळीत त्याचा फोन आला, "काका, घळ मोजायचीय. टेपचं एक टोक धरायला माणूस हवाय." दुसरं टोक कोण धरणार, हे मी विचारलं नाही. जाऊन पाहतो तर पलीकडच्या काठावर दादा उभे.

दर पाच मीटरवर आम्ही टेप ताणायचा. पोरगा खाली उतरून तळाची रुंदी आणि खोली घ्यायचा. वर हातभर माती, खाली मुरूम. थराथरातून त्याने पत्र्याच्या नळकांड्यात नमुने भरले. ते म्हणे भट्टीत १०५ अंशांवर चोवीस तास वाळवायचे नि मग वजन करायचं. आमच्या जमिनीची एवढी बडदास्त आजवर कुणी ठेवली नव्हती.

मला वाटायचं, घळ पाण्याबरोबर खाली जाते. तसं नसतं. पाणी खाली जातं आणि घळ वर चढते! तोंडाशी पाणी उंचावरून पडतं, खालची माती कोरतं, मग वरचा ओठ ढासळतो. ओढ्यापासून निघालेली आमची घळ अशीच चढत आजोबांच्या चिंचेच्या बुडाशी आली होती. जूनमध्ये पोराने तोंडापासून अंतरं मोजून पाच लोखंडी खुंट्या ठोकल्या होत्या. त्यांतल्या तीनच उरल्या. एक घळीत पडलेली सापडली. दुसरी भंगारात गेली असावी, कारण तिच्याभोवतीची माती जागच्या जागी होती.

मग काठावर बसून हिशेब झाला. लांबी ६० मीटर. वरची रुंदी सरासरी ३, तळाची १, खोली दीड. म्हणजे १८० घनमीटर. घनमीटरला दीड टन धरून २७० टन.

"२७ ट्रक, काका," तो म्हणाला. "आणि क्षेत्र पावणेदोन गुंठे."

"आणि ती दीड फुटाची पट्टी?" मी चाचरत विचारलं.

त्याने बोटाने घळीच्या मधोमध हवेत एक रेघ दाखवली. सातबाऱ्यावर मात्र आमचं क्षेत्र तसूभरही घटलेलं नाही.

दादा बराच वेळ चिंचेकडे बघत होते. उघड्या पडलेल्या मुळांवर आम्ही दोघं लहानपणी सूरपारंब्या खेळलो असतो, तर पडलो नसतो इतकी ती वर आली होती.

"आणखी किती पावसाळे?" त्यांनी पोराला विचारलं.

"दोन. फार तर तीन. घळीत आडवे दगडी बांध घालायला हवेत, आणि वरची ताल."

"दगड माझ्याकडे आहेत," दादा म्हणाले. पोराकडे बघून म्हणाले, पण ऐकू मला आलं. "मजुरी ह्याने द्यावी. आडवा बांध आहे, अर्धा माझा, अर्धा ह्याचा."

"चालेल, दादा," मी म्हटलं. "पण मध्य कुठे, ते दोघांसमोर मोजायचं."

"मग टेप नीट ताण," दादा म्हणाले. "मघापासून ढिला धरलायस."