एक मोबाईल, दोन पावत्या

डिसेंबरातली दुपार होती. पुण्यात ऑफिसात बसलो होतो आणि बाबांचा फोन आला. "अरे, चुकाऱ्याच्या यादीत काकाचं नाव आहे, मायं नाही. माया कापूस कुठी गेला?"

ती यादी ज्या सॉफ्टवेअरमधून निघाली होती, ते मीच लिहिलं होतं.

आमचं गाव घाटंजी तालुक्यात, यवतमाळ जिल्हा. शिक्षण, कपडे, माझी इंजिनिअरिंगची फी, सगळं कापसावर. त्यामुळे आमच्या छोट्या कंपनीकडे तिकडच्या एका जिनिंगचं काम आलं, तेव्हा मी ते मागून घेतलं. काम साधं होतं. काट्यावरच्या कॉम्प्युटरवर जावाचं ॲप्लिकेशन. ऑपरेटर नाव, मोबाईल, वजन, भाव टाकणार, सेव्ह दाबणार आणि नोंद जाणार मुंबईतल्या क्लाउडवर, डायनॅमोडीबी या डेटाबेसमध्ये. संध्याकाळी त्याच नोंदी वाचून चुकाऱ्याची यादी निघणार.

या डेटाबेसमध्ये प्रत्येक नोंदीला एक प्रायमरी की लागते, म्हणजे नोंदीची ओळख. मी ती दोन गोष्टींची केली: मोबाईल नंबर आणि तारीख. एक शेतकरी एका दिवशी एकदाच कापूस आणतो, असं मी धरून चाललो. टेस्टिंगमध्ये शंभर खोटे शेतकरी तयार केले, प्रत्येकाला वेगळा नंबर. सगळं हिरवं.

त्या दिवशी बाबांनी आणि काकांनी एकच पिकअप केली होती. बाबांचं वजन सकाळी झालं, अकरा क्विंटल चाळीस किलो. काकांचं जेवणानंतर, सात क्विंटल पंच्याऐंशी. काकांकडे फोन नाही. त्यांनी नेहमीप्रमाणे बाबांचा नंबर सांगितला.

जावामधून नोंद टाकायला पुटआयटम नावाची मेथड आहे. ती दिलेल्या कीची नोंद नसेल तर नवी करते, असेल तर जुनी काढून तिच्या जागी नवी ठेवते. एरर नाही, इशारा नाही, दोन्ही वेळा उत्तर एकच: यशस्वी. हे कागदपत्रांत स्पष्ट लिहिलेलं आहे. मी वाचलंही होतं. पण वाचताना डोळ्यांसमोर 'जुनी नोंद' होती, बाबांचे अकरा क्विंटल नव्हते.

मला जास्त लागलं ते वेगळंच. 2017 च्या कर्जमाफीचे अर्ज ऑनलाइन भरायचे होते, तेव्हा घरातले दोन्ही अर्ज मीच भरले होते. मोबाईलच्या रकान्यात दोन्हीकडे बाबांचा नंबर टाकला होता. आमच्याकडे नंबर घराचा असतो, माणसाचा नाही, हे मला कुणी सांगायची गरजच नव्हती. पुण्यात मी स्वतः दोन सिमकार्डं वापरायला लागलो आणि विसरलो.

गेलेला डेटा परत आणायची सोय असते. पॉइंट-इन-टाइम रिकव्हरी चालू केली, तर मागच्या 35 दिवसांतल्या कुठल्याही क्षणाचं टेबल उभं करता येतं. पण ती आपण चालू करावी लागते. मी केली नव्हती, खर्च थोडा वाढतो म्हणून.

बाबांकडे कागदी पावती होती, त्यामुळे त्यांचा प्रश्न मिटला. बाकीच्यांचं काय? मी रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं यवतमाळला निघालो. जिनिंगच्या ऑफिसात दोन दिवस बसून पावतीपुस्तकातल्या कार्बन प्रती आणि टेबल एकेक ताडून पाहिलं. एकतीस नोंदी गेल्या होत्या. भाऊ-भाऊ, बाप-लेक, आणि एके ठिकाणी तर शेजारी.

दुरुस्ती तिथेच बसून केली. आता की म्हणजे पावती क्रमांक. लिहिताना अट घातली, की या क्रमांकाची नोंद आधी नसेल तरच लिही. असेल तर डेटाबेस नकार देतो आणि जावामध्ये एक्सेप्शन येतं. पण तिथेही मेख आहे. काट्यावरचं नेट मधेच जातं. नोंद पोहोचलेली असते, उत्तर परत आलेलं नसतं, ऑपरेटर पुन्हा सेव्ह दाबतो आणि नकार येतो. म्हणून नकार आला की आधीची नोंद वाचायची. नाव-वजन तेच असेल तर गप्प बसायचं, वेगळं असेल तरच ओरडायचं. हे वाचनही पक्कं मागावं लागतं. न सांगता वाचलं, तर नुकतीच झालेली नोंद कधीकधी दिसत नाही. पक्क्या वाचनाला दुप्पट आकार पडतो. या वेळी मी पैशाचा विचार केला नाही. मोबाईल नंबर आता फक्त शोधायच्या इंडेक्समध्ये आहे. तिथे एका नंबरखाली कितीही पावत्या बसतात.

एकतीसपैकी तीस जुळल्या. एका पावतीवरचं वजन कार्बनमध्ये उमटलंच नव्हतं आणि त्या शेतकऱ्याची स्वतःची पावती धुण्यात गेली होती. जिनिंगवाल्यांनी त्यांना बोलावून घेतलं. सत्तरीचे असावेत. माझ्यासमोरच्या खुर्चीत टेकले, जरा आठवलं आणि म्हणाले, "नऊ क्विंटल वीस. नाहीतर दहा किलो कमी लिही बाबू, भांडण नको."

मी नऊ क्विंटल वीस लिहिलं आणि सेव्ह दाबलं.