दोन डब्यांची जागा

जळगावात घराचा हॉल रंगवून होतो तेव्हाच त्याच्या चारही भिंतींची वाटणी झालेली असते. एक भिंत टीव्हीची, समोरची दिवाणाची. तिसरीत खिडकी, आणि खिडकी म्हणजे कूलर. होळी झाली की त्याला नवं गवत लागतं आणि पहिल्या दमदार पावसापर्यंत ती बाजू त्याचीच. चौथ्या भिंतीत स्वयंपाकघराचं दार, दारावर हार घातलेले आजोबा, दाराशेजारी शोकेस. शोकेसमध्ये रुखवतातल्या कपबश्या, मुलांचे शाळेतले कप आणि पंढरपूरहून आणलेली विठ्ठल-रखुमाई. अशा ठरून गेलेल्या घरात सातबाऱ्यावर नाव नसलेल्या भावासारखे दोन स्पीकर येतात आणि हिस्सा मागतात.

मागतातही थोडाथोडका नाही. सोबतच्या पुस्तिकेत एक चित्र असतं. मोकळी खोली, मागच्या भिंतीपासून दोन-तीन फूट पुढे स्टँडवर दोन डबे, समोर एक खुर्ची आणि खुर्चीत एकटा माणूस. त्याला कुणी गॅस बंद करायला सांगत नाही, त्याच्यासमोरून दप्तर घेऊन कुणी धावत नाही. आमचा हॉल दहा फूट रुंद, सोळा फूट लांब. स्पीकर आणण्याआधी मापासाठी मी रिकामी खोकी मांडून पाहिली. भिंतीपासून तीन फूट सोडले तर उजवं खोकं थेट स्वयंपाकघराच्या वाटेत येत होतं. वहिनी पदर खोचून दारात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "काय भाऊ, हॉलमध्ये मांडवाचे खांब रोवून राहिले का?" या प्रश्नाला जगातल्या कोणत्याही ध्वनिशास्त्रज्ञाकडे उत्तर नाही. डबे भिंतीलाच टेकणार, हे तेव्हाच ठरलं. मग सगळा शोध त्या एका अटीपासून सुरू होतो.

भिंतीचं एवढं काय, असं कुणीही विचारील. बारीक आवाज डब्याच्या तोंडासमोर सरळ जातो, जाड आवाज मात्र डब्याला वळसा घालून चहूकडे पसरतो. 100 हर्ट्झच्या एका लाटेची लांबी जवळजवळ साडेतीन मीटर, म्हणजे सव्वाअकरा फूट. दहा फुटांच्या हॉलमध्ये ती आडवी मावतसुद्धा नाही. ती मागे जाते, भिंतीवरून परत फिरते आणि पुढच्या आवाजात येऊन मिळते. डबा भिंतीला अगदी लागून असला तर दोन्ही एकमेकांना जोर देतात आणि खर्ज सहा डेसिबलपर्यंत चढतो. कोपऱ्यात ठेवला तर शेजारची भिंतही त्यात सामील होते. अधलंमधलं अंतरही बाधतंच: भिंतीपासून साधारण पाऊण-एक मीटरवर डब्याचं तोंड आलं की परतलेली लाट उलटी पडते आणि नेमका 100 हर्ट्झच्या आसपासचा आवाज खाऊन टाकते. म्हणजे भिंतीपासून चांगलं दूर जा, नाहीतर सरळ तिला चिकटा.

हे आकडे 20 अंश तापमानाचे आहेत, तेव्हा आवाज सेकंदाला 343 मीटर जातो. आमच्याकडे मे महिन्यात पारा 45 ला टेकतो तेव्हा तोच वेग 358 च्या आसपास जातो. उन्हात माणसं सावली धरून बसतात आणि आवाज तेवढा घाईत असतो. कानाला हा फरक कळत नाही, पण दुपारी झोप येत नसली की असे हिशेब करायला बरे वाटतात.

खर्जासाठी सगळ्यात वाईट खोली म्हणजे दहा बाय दहाची. उंचीही दहाच फूट असेल तर लांबी, रुंदी, उंची तिन्ही दिशांनी 56 हर्ट्झच्या आसपासचा एकच सूर घुमायला लागतो. अशा खोलीत कितीही महागडं यंत्र आणा, डग्ग्याचा प्रत्येक ठेका एकाच जागी गडगडतो. आणि नेमकी हीच खोली आपण "गाणी ऐकायला छान, स्वतंत्र" म्हणून दाखवतो.

याउलट आमच्या नानांचं अमळनेरकडचं घर. ते धाब्याचं होतं. हात-दीड हात जाडीच्या मातीच्या भिंती, वर लाकडी सरे, त्यावर माती, आणि पावसाळ्याआधी छपरावर पसरलेली खारी. भिंतीत कोनाडे, एका कोनाड्यात रेडिओ. जळगाव केंद्राच्या शेतीच्या गप्पा, बाजारभाव, रात्रीचं नाट्यसंगीत सगळं त्या एका स्पीकरमधून यायचं आणि शब्द न् शब्द कळायचा. तेव्हा ती रेडिओची थोरवी वाटायची. यंत्र साधंच होतं. काम खोली करत होती. ओबडधोबड भिंती आवाज सरळ परतवत नव्हत्या, शेणानं सारवलेली जमीन बारीक आवाज पिऊन घेत होती, आणि दांडीवर गोधड्या होत्या.

आता त्या जागी आरसीसी, पुट्टी आणि गुळगुळीत टाइल्स आल्या. टाइल्सवर चटई, तीही आमच्याच गावची. जळगावच्या एमआयडीसीत प्लॅस्टिकच्या चटया विणतात आणि त्या देशभर जातात. धुवायला सोपी, रंगानं झकास, वर्षानुवर्षं टिकणारी. फक्त आवाज म्हणून ती काहीच शोषत नाही. ती अंथरलेल्या हॉलच्या मधोमध उभं राहून एक टाळी वाजवा; टाळीमागून एक बारीक, धातूसारखी झणझण येते. समोरासमोरच्या उघड्या भिंती तो आवाज एकमेकींकडे फेकत असतात. हीच झणझण पुढे प्रत्येक स, श, च ला चिकटते आणि आपण दुकानदाराला म्हणतो, स्पीकर कर्कश आहे. जो जिल्हा कापसाच्या गाठींवर वाढला त्यानं आपल्या हॉलमधून कापूस हद्दपार करावा हे मला पटत नाही. जाड सुती सतरंजी, पुस्तकांचं उघडं कपाट, दिवाणामागच्या भिंतीवर एखादी जुनी गोधडी, एवढ्यावर ती टाळी निम्मी शांत होते. खर्जाची घुमण मात्र याला दाद देत नाही, तिच्यासाठी स्पीकरच नीट निवडावा लागतो.

तर स्पीकर. लहान डब्यातून दमदार खर्ज काढण्याची वाट 1954 साली अमेरिकेत एडगर व्हिल्चर यांच्या एआर-1 या स्पीकरनं मोकळी केली. त्यांनी डबा चारही बाजूंनी बंद केला आणि आतल्या कोंडलेल्या हवेलाच स्प्रिंगचं काम दिलं. त्याआधी घरात चांगला खर्ज हवा म्हणजे कपाटाएवढं धूड लागायचं. पण माझं जास्त लक्ष वेधतो तो बीबीसीच्या अभियंत्यांनी सत्तरच्या दशकात केलेला एलएस3/5ए. बाहेरच्या प्रक्षेपणासाठी जी गाडी जाते तिच्यात बसायलाच जागा नाही, हेडफोन लावून काम भागत नाही, तिथे निवेदकाचा आवाज खरा येतो की नाही हे तपासायला त्यांनी फूटभर उंचीचा, साडेसात इंच रुंद, बंद डबा बनवला. जमीन हादरवणं त्याच्याकडून अपेक्षितच नव्हतं. माणूस बोलला तर माणूस बोलल्यासारखं वाटावं, एवढीच अट. जागेची अडचण आधी मान्य करून केलेलं ते काम अजून नावाजलं जातं. त्याच दशकात रॉय ॲलिसन या अमेरिकी अभियंत्यानं भिंतीचा हिशेब आधीच धरून, भिंतीला लागूनच ठेवायचे स्पीकर बनवले. आमच्या वहिनींच्या बाजूचा माणूस तिकडेही होता तर.

आज दुकानातले बहुतेक लहान स्पीकर मागे गोल भोक असलेले असतात. त्या भोकातून खर्जाला जास्तीची मदत मिळते. मोकळ्या खोलीत ती हवीच असते. भिंतीला टेकवल्यावर मात्र भिंतीची मदत आणि भोकाची मदत एकत्र होतात, आणि गाणाऱ्या बाईच्या गळ्यावर एक जाड गोधडी पडते. अशा वेळी पूर्ण बंद डबा किंवा भोक पुढच्या बाजूला असलेला डबा बरा. मागे भोक असलेला घरात आधीच असेल तर त्यात स्पंजचा बोळा घालून पाहावा. काही कंपन्या तो खोक्यातच देतात. तो नसेल तर गुंडाळलेला सुती मोजा चालतो, धुतलेला असला म्हणजे झालं.

शोकेसवर ठेवायचे असतील तर आणखी एक गंमत. तबला सुरू झाला की सरकत्या काचा आपल्या खाचेत थरथरतात आणि कप बशांवर किणकिणतात. आमच्याकडे हा आवाज नक्की कुठून येतो हे शोधायला एक रविवार गेला. विठ्ठलाची पितळी वीट सैल होती. काचेच्या खाचेत फेल्टची पट्टी आणि डब्याखाली रबराचे जाड तुकडे लावल्यावर तो थांबला. शिवाय शोकेसचा वरचा कप्पा पाच फुटांवर, आणि ऐकणारा खाली गादीवर, त्याचे कान जेमतेम अडीच फुटांवर. बारीक आवाजाचा ट्वीटर कानाकडे रोखलेला हवा, म्हणून डब्याच्या मागच्या कडेखाली पाचर घालून तो पुढे झुकवायचा. पुढे सरकू नये म्हणून समोर अडणी लावा. घरात लहान मूल असेल तर हा बेत सोडाच.

धुळ्याला बहिणीचं घर नंबरानंच ओळखल्या जाणाऱ्या एका गल्लीत आहे. समोर अरुंद, आत खोल. हॉल बोगद्यासारखा वाटतो खरा, पण आवाजाला ती जागा आमच्यापेक्षा बरी, कारण डबे अरुंद भिंतीला लागतात आणि आवाजाला पुढे धावायला लांबी मिळते. अडचण दुसरीच: शेजाऱ्याची भिंत सामाईक. बारीक आवाज भिंत अडवते, खर्ज पलीकडे जातो. पलीकडच्या आजींना गाणं ऐकू येत नाही, नुसता धबधब ऐकू येतो. त्यांच्याकडून "बाई, काय कुटून राहिली एवढ्या रात्री?" अशी विचारणा झाली तेव्हापासून तिकडेही लहान, बंद डबेच आहेत. त्या हॉलमध्ये कड्यांचा झोपाळा आहे आणि मेहुणे त्यावर बसूनच ऐकतात. झोका पुढे गेला की आलाप जवळ येतो, मागे गेला की दूर जातो. दोन स्पीकर आणि ऐकणारा यांचा त्रिकोण समभुज असावा हा नियम मी त्यांना एकदा सांगितला. त्यांनी ऐकून घेतला आणि पायानं रेटा दिला.

लग्नसराईत गल्लीतून डीजे गेला की बंद डबा, उघडा डबा, सगळे सारखेच.

स्पीकर दुकानात तपासायला लोक ढोलताशा किंवा डीजेचं गाणं घेऊन जातात. मी लता मंगेशकरांचं जुनं, कमी वाद्यांचं गाणं नेतो. त्यांच्या आईचं माहेर धुळे जिल्ह्यात, शिरपूर तालुक्यात तापीकाठचं थाळनेर, तेव्हा हा आमच्या भाचीचा आवाज आहे असा एक हक्कही त्यात आहे. त्या गळ्यात लपायला जागा नसते. डबा नाकातून बोलत असेल तर पहिल्या ओळीतच कळतं. त्यानंतर एखादं साधं भाषण किंवा कीर्तन, पुरुषाच्या आवाजात. छातीतून येणारा भाग फुगला की समजावं, डबा या जागेसाठी जड आहे.

माणसाचा आवाज आधी आणि बाकी सगळं नंतर, हा आग्रह मला खान्देशातच शिकायला मिळाला असं वाटतं. 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा गीतेवर बोलत. 21 फेब्रुवारी ते 19 जून, अठरा रविवार, अठरा अध्याय. धुळ्याचा उन्हाळा, कैद्यांची बैठक, आणि ऐकता ऐकता लिहून घेणारे साने गुरुजी. 'गीता प्रवचने' आज आपल्या हातात आहे ती त्या लेखणीमुळे. बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. जात्यावर, शेतात जे सुचलं ते त्या म्हणत आणि सोपानदेवांसारखी घरची माणसं टिपून ठेवत. 1951 मध्ये त्या गेल्या आणि पुढच्याच वर्षी अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक आलं. दोघांच्याही बाबतीत आपल्यापर्यंत शब्द पोचले, गळा नाही पोचला. पोचला असता तर तो ऐकायला दहा इंची सबवूफर लागला नसता, एवढं मी खात्रीनं सांगतो.

आमच्या हवेमुळे आणखी एक गोष्ट पाहून घ्यावी. खर्ज काढणाऱ्या वूफरच्या कागदी शंकूभोवती जी लवचीक कड असते ती काही स्पीकरांत स्पंजची असते, काहींत रबराची. उन्हाळाभर उष्णता, त्यात कूलरची ओल, वर धूळ. स्पंज काही वर्षांत भुसभुशीत होऊन बोटाला लागतो. रबर टिकतं. जाळी काढून बोटानं हलकेच दाबून पाहिलं तर ओळखू येतं, आणि दुकानदारानं दाबू दिलं नाही तर निदान विचारावं. सेकंडहँड घेताना तर आधी तेच पाहावं. वॅटचा आकडा मात्र खुशाल सोडून द्या; सोळा फुटांच्या हॉलमध्ये रोजचं ऐकणं चार-पाच वॅटच्या आतच होतं.

कूलर सुरू असताना काय ऐकायचं, यावर माझ्याकडे इलाज नाही. त्या घरघरीत आलापाचा सुरुवातीचा, हळू भाग बुडतोच. आवाज वाढवून उपयोग होत नाही, दोघांची नुसती चढाओढ लागते. एप्रिल-मेमध्ये मी पहाटे, कूलर बंद करून खिडक्या उघडल्यावर ऐकतो, नाहीतर बातम्यांवर समाधान मानतो.

तुम्हाला घ्यायचे असतील तर आधी टेप घेऊन डबा कुठे बसणार ती जागा मोजा, तिची आतली खोलीही मोजा, आणि मागे वायरसाठी दोन-तीन बोटं सोडा. मग लहान, बंद किंवा पुढे भोक असलेला, रबरी कडेचा डबा मागा. ठरवलेल्या पैशांतला थोडा भाग सतरंजीसाठी बाजूला ठेवा. आणि दुकानात ऐकून सौदा करू नका; तिथे शंभर खोकी भिंतीसारखी रचलेली असतात आणि ती सगळी आवाज शोषतात. आठ दिवस घरी वाजवून पाहायला मागा. ओळखीचा दुकानदार नाही म्हणत नाही, आणि खान्देशात दुकानदार ओळखीचा निघायला फार वेळ लागत नाही.