पडदा उजळण्यापूर्वी

कळ दाबल्यावर पंखे फिरू लागतात, कॅबिनेटवरचा बारीक दिवा लागतो आणि तरीही मॉनिटर काळाच राहतो, अशा अवस्थेला दुरुस्तीच्या दुकानांतून ‘डिस्प्ले येत नाही’ असे म्हटले जाते. परंतु ज्या ठिकाणी हा बिघाड दिसतो, त्या ठिकाणी तो असतोच असे नाही. संगणकाच्या जागे होण्याच्या क्रमात चित्र बरेच उशिरा उमटते, आणि म्हणून त्या अंधाराचा अर्थ लावायचा असेल, तर त्याआधी काय काय घडून गेलेले असायला हवे होते, हे जाणून घ्यावे लागते.

बंद दिसणारा संगणक भिंतीतल्या विजेशी जोडलेला असेल, तर तो पूर्ण निजलेला नसतो. विजेचे रूपांतर करणारी पेटी, म्हणजे एसएमपीएस, त्याही वेळी मदरबोर्डला ५ व्होल्टचा एक क्षीण प्रवाह पुरवत राहते. कळ दाबल्याने वीज थेट आत शिरत नाही, केवळ इशारा जातो. त्यानंतर १२, ५ आणि ३.३ व्होल्टचे प्रवाह सुरू होतात आणि ते स्थिरावले की ती पेटी सारे ठीक असल्याचा स्वतंत्र संकेत पाठवते. त्या अर्ध्या सेकंदाहून कमी काळात प्रोसेसरला थोपवून धरलेले असते. संकेत मिळताच तो एका ठरलेल्या पत्त्यावर जाऊन पहिली आज्ञा वाचतो आणि ती आज्ञा बायॉसच्या, म्हणजे मदरबोर्डवरील एका चिपमध्ये कायम जपलेल्या प्रारंभिक प्रोग्रॅमच्या, ताब्यात असते. या क्षणी रॅम अजून वापरण्याजोगी झालेली नसते, की-बोर्डची ओळख पटलेली नसते आणि चित्र काढणारे कार्डही निष्क्रिय असते. प्रत्येक वेळी हे यंत्र अशा संपूर्ण अज्ञानातून सुरुवात करते आणि आपल्याजवळ काय आहे ते एकेक करून ओळखत जाते, ही गोष्ट कितीही वेळा वाचली तरी विलक्षणच वाटते.

या ओळखपरेडीला पॉवर-ऑन सेल्फ टेस्ट, थोडक्यात पोस्ट, असे नाव आहे. नाटकाची तिसरी घंटा होण्याआधी पडद्यामागे जशी लगबग असते, तशीच ही तपासणी प्रेक्षकाला न दिसता पार पडते. चित्र काढण्याची सोय झालेली नसताना दोष सांगायचा कसा, या प्रश्नाचे उत्तर १९८१ साली आलेल्या आयबीएम पीसीमध्ये ध्वनीने दिलेले आढळते: एक लहान बीप म्हणजे सारे ठीक, तर एक लांब आणि दोन लहान बीप म्हणजे चित्राच्या कार्डात अडचण. पुढे प्रत्येक बायॉसची सांकेतिक भाषा वेगळी होत गेली, आणि आज अनेक मदरबोर्डांसोबत तो इवलासा स्पीकरही मिळत नाही. त्याऐवजी काहींवर प्रोसेसर, रॅम, चित्र आणि बूट अशा चार पायऱ्या दाखवणारे दिवे असतात आणि तपासणी जिथे अडते तिथला दिवा लागून राहतो.

रॅमचा दोष विशेष जाणून घेण्यासारखा आहे. तिच्या पट्टीच्या कडेवर सोन्याचा अतिशय पातळ मुलामा दिलेले संपर्कबिंदू असतात, डीडीआर४ प्रकारात त्यांची संख्या २८८ असते, आणि त्यांपैकी एखाद्याचा जरी खाचेशी नीट स्पर्श झाला नाही, तरी सारी तपासणी खोळंबू शकते. सोने गंजत नाही हे खरे, पण मुलाम्यातील सूक्ष्म छिद्रांतून खालच्या धातूपर्यंत दमट, खारी हवा पोहोचते, वर धूळ आणि बोटांचा तेलकटपणा साचतो. मुंबईच्या आणि कोकणाच्या पावसाळ्यात तर या गोष्टींना चांगलेच निमित्त मिळते. पट्टी काढून, संपर्कबिंदू खोडरबराने हलकेच पुसून पुन्हा घट्ट बसवण्याचा कारागिरांचा उपाय म्हणूनच अनेकदा लागू पडतो, मात्र जोराने घासल्यास मुलामाच निघतो, आणि त्या दृष्टीने आयसोप्रोपिल अल्कोहोल व मऊ कापड अधिक बरे.

इतर कारणे कधीकधी फारच साधी असतात. मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डाऐवजी मदरबोर्डला जोडलेली असते, प्रोसेसरला वीज देणारा स्वतंत्र प्लग बसवायचाच राहून गेलेला असतो, किंवा डीडीआर५ रॅम प्रथमच बसवल्यावर तिची जुळणी होण्यास काही मिनिटे लागत असताना संगणक उतावीळपणे बंद केला जातो.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारात नवा सुटा भाग सहज मिळतो, म्हणून भाग बदलून पाहण्याचा मोह होतो. पण त्याहून वजाबाकीची रीत श्रेष्ठ आहे. प्रोसेसर, रॅमची एकच पट्टी आणि चित्राची एकच वाट एवढेच ठेवून बाकी सारे सोडवावे, आणि चित्र उमटल्यावर एकेक भाग परत जोडत जावे, म्हणजे दोषी भाग आपोआप उघड होतो. अर्थात, प्रत्येक वेळी भिंतीतला प्लग आधी काढलाच पाहिजे आणि एसएमपीएसची पेटी मुळीच उघडू नये, कारण वीज तोडल्यावरही तिच्या कपॅसिटरांत ३०० व्होल्टांहून अधिक दाब टिकून राहू शकतो.

आणि ज्यांच्या घरी असा संगणक काळा पडला आहे, त्यांनी त्यातील छायाचित्रे आणि लिखाण गेले असे समजून तो भंगारात देऊ नये. हार्ड डिस्क किंवा एसएसडी यांची पाळी चित्रानंतर येते. त्यामुळे या बिघाडात त्यांवरील मजकूर बहुधा सुरक्षित असतो, आणि ती डिस्क दुसऱ्या संगणकाला जोडून तो उतरवून घेता येतो, फक्त डिस्क सांकेतिक कुलपात असल्यास तिची रिकव्हरी की हाताशी असावी लागते.